हयातीचा दाखला

देवनारला थंडी आधी नाकाला कळते, मग अंगाला. नोव्हेंबरच्या रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन खाली बसते, वर उबदार हवेचा थर राहतो आणि दिवसभर शहरानं जे जे सोडलं ते सगळं खालीच अडकून पडतं. 1927 पासून मुंबईचा कचरा जिथं येऊन पडतो, त्या डोंगराच्या शेजारी राहणाऱ्यांना वेधशाळेची गरज पडत नाही. सकाळी खिडकी उघडायची, एक श्वास घ्यायचा आणि घरात जाहीर करायचं, "आली हो थंडी!" जानेवारी 2016 मध्ये या डम्पिंगला आग लागली, तेव्हा तिचा धूर नासाच्या उपग्रहालाही दिसला आणि आसपासच्या शाळांना सुट्टी द्यावी लागली. देवनारचं नाव असं अंतराळात जाऊन आलं. लोकलच्या इंडिकेटरवर मात्र ते अजून यायचंय. देवनारकर उतरतो तो गोवंडीलाच.

अंगाला लागणाऱ्या थंडीची मुंबईतली कमाई अगदीच किरकोळ. सांताक्रूझला 22 जानेवारी 1962 रोजी पारा 7.4 अंशांवर आला होता, तोच आजवरचा नीचांक. आमच्या इमारतीतले ज्येष्ठ ती रात्र अजून सांगतात आणि दर सांगण्यात पारा अर्धा अंश खाली उतरतो. एरवी थंडी म्हणजे महाबळेश्वरच्या सहलीत घेतलेला स्वेटर. तो ट्रंकेतून काढायचा, डांबरगोळ्यांचा वास जाईपर्यंत उन्हात टाकायचा आणि वास गेला की थंडीही गेलेली असायची.

याच सुमारास ठाण्याच्या खाडीत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात आणि लोक दुर्बिणी घेऊन त्यांना बघायला येतात. ज्या खाडीवरून जाताना आम्ही लोकलमध्ये जन्मभर रुमाल नाकाला लावला, ती 2022 साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर यादीत गेली. रोहितांना ही जागा हजारो मैलांवरून खुणावते असं म्हणतात. देवनारचा निवृत्त माणूस मात्र ती ओलांडून, पनवेल मागे टाकून, उलट दिशेनं कोकणात निघतो.

हा माणूस हार्बर लाइनीत एका पायावर उभा राहून वर्षानुवर्षं एकच चित्र रंगवत आलेला असतो. गावचं घर, पडवी, पडवीत आरामखुर्ची, अंगावर शाल, हातात वाफाळता चहा आणि समोर धुकं. या चित्रात काम करणारं कुणीही नसतं. चहा कुणी केला हेही त्यात दिसत नाही. मी हे चित्र आमच्या घरात पहिल्यांदा सविस्तर बोलून दाखवलं, तेव्हा ही शांतपणे एवढंच म्हणाली, "छान आहे. आणि यात मी कुठं बसलेय?"

आमचं गाव दापोली तालुक्यात, हर्णैच्या रस्त्यावरून आत. दापोली समुद्रापासून जवळ असली तरी सुमारे 800 फूट उंचीवर आहे, त्यामुळे तिथं खरोखरची थंडी पडते. कृषी विद्यापीठाच्या नोंदीत पारा अधूनमधून दहाच्याही खाली जातो आणि मग वर्तमानपत्रं दापोलीला 'मिनी महाबळेश्वर' म्हणून मोकळी होतात. स्वेटरला इथं पहिल्यांदाच काम मिळालं.

निवृत्तांनी दापोलीला येण्याची पद्धतही आजची नाही. इंग्रजांनी 1818 मध्ये कोकण घेतल्यावर इथं छावणी टाकली, म्हणून जुनी माणसं अजून 'कॅम्प दापोली' म्हणतात. पुढे नेहमीची फौज हलवली तरी वयस्कर शिपायांची एक पलटण काही वर्षं इथंच ठेवली होती. पेन्शनीत निघालेले सैनिकही इथं घरं करून राहत. 1890 च्या दशकात सुभेदार रामजी सकपाळ सैन्यातून निवृत्त होऊन कुटुंबासह दापोलीला आले. पुढचे बाबासाहेब तेव्हा लहानगे भीमराव होते. पण सुभेदार फार काळ इथं थांबले नाहीत. साताऱ्याला जाऊन त्यांनी पुन्हा सरकारी नोकरी धरली. त्यांच्यावर घरच्या जबाबदाऱ्या होत्या, आम्हा पेन्शनरांवर त्या मानानं काहीच नाही. तरी दापोलीत येऊन माणूस स्वस्थ बसत नाही, एवढा निष्कर्ष दोन्हीकडे सारखाच निघतो.

याचं कारण असं की निवृत्ती हा प्रकार गावात अजून मंजूर झालेला नाही. जर्मनीत 1889 साली बिस्मार्कच्या सरकारनं म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा केला तेव्हा वयाची अट 70 ठेवली होती. तिथवर फारसे कामगार पोहोचतच नसत, त्यामुळे तिजोरी निर्धास्त होती. आपल्याकडे राज्य सरकारच्या बहुतेक नोकरांना 58 आणि केंद्राच्या नोकरांना 60 या वयाला नारळ, शाल आणि भिंतीवरचं घड्याळ मिळतं. (वेळेची गरज संपल्यावर घड्याळ का देतात, यावर एकदा संशोधन व्हायला हवं.) पण बिस्मार्क आमच्या वाडीपर्यंत आलेला नाही. आमच्या शेजारचे आबा वयाचा हिशेब आकड्यात सांगत नाहीत. "कोयनेचा भूकंप झाला तवा थोरला रांगत होता," असं सांगतात. तो भूकंप 11 डिसेंबर 1967 चा. म्हणजे आबा ऐंशीच्या आसपास. ते रोज कोयता कमरेला लावून सड्यावर जातात.

मी रिटायर झालोय हे कळल्यावर त्यांनी काळजीनं विचारलं, "म्हंजे काय? बरं नाय काय?"

"तसं नाही आबा. आता काम करायचं नाही. पेन्शन मिळते."

"काम नाय तरी पैसे देतात?"

"हो."

आबा जरा वेळ विचारात पडले. "मग तुमचं काम आता कोण करतो?"

"कुणी नाही. ती जागा रिकामीच ठेवलीय."

"आणि हापिस चाललंय?"

"चाललंय."

"मग इतकी वर्सं तुम्ही काय करत होताव?"

या प्रश्नाचं उत्तर मी गोपनीय अहवालातही कधी दिलेलं नाही.

कोकणात भात घरात आलं की शेतकरी मोकळा होतो, असा शहरात समज आहे. प्रत्यक्षात भात आलं की बाकीची सगळी कामं रांगेत उभी राहतात. शेतात ओल आहे तोवर पावटा, वाल, कुळीथ पेरायचा. पेंढ्याची उडवी रचायची. पावसानं ढासळलेला गडगा पुन्हा लावायचा. आणि दिवाळीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत खळं करायचं. पावसाळ्यात अंगणाची पार दशा झालेली असते. ते उकरायचं, नवी माती पसरायची, पाणी मारायचं, लाकडी चोपण्यानं दिवसभर चोपायचं आणि वर शेणानं सारवायचं. देवनारच्या आमच्या सोसायटीत गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा विषय इतक्या सभांतून पुढे ढकलला गेलाय की तो आता संस्थेचा सर्वांत जुना सभासद झालाय. इथं सभा नाही, ठराव नाही. चोपणं थेट हातात. ऑफिसात टेबलावर मूठ आपटायचा मला चांगला सराव होता, पण त्यानं जमीन सपाट होत नसते.

आरामखुर्चीचं मात्र झालं. ती मुंबईहून टेम्पोतून आली, पडवीत लागली आणि तिच्यात ही बसते. शाल तिच्या अंगावर असते, चहा तिच्या हातात असतो आणि समोर धुक्याऐवजी मी असतो. "तिथं, तुळशीच्या मागं, अजून वर आलंय बघा," असं ती बसल्या जागेवरून दाखवते. चित्रात ती कुठं बसलीय, हा प्रश्न आता मिटला.

थंडीत कढत पाण्यानं आंघोळ करावी, ही आणखी एक शहरी चैन. गिझरचं बटण दाबायचं आणि पेपर वाचत बसायचं, एवढीच तिची तयारी. इथं तांब्याचा बंब आहे. बंबाला लाकडं लागतात, लाकडं फोडावी लागतात आणि फोडून होईपर्यंत माणूस असा घामाघूम होतो की आंघोळ विहिरीच्या गार पाण्यानंही चालली असती. पण एव्हाना बंब पेटलेला असतो, त्यामुळे नाइलाजानं कढत पाणी घ्यावं लागतं.

निवृत्तांचा खरा जीव फिरायला जाण्यात असतो. डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, बूट पांढरे असतात आणि हात झुलवण्याची एक पद्धत असते. चेंबूरच्या बागेत हे सगळं खपून जातं, कारण तिथं सगळेच गोल गोल फिरून होते तिथं परत येत असतात. गावात मात्र कारणाशिवाय चालणारा माणूस हा संशयास्पद असतो. आमच्या वाडीच्या पाखाडीवरून मी भल्या पहाटे कानटोपी, मफलर आणि पांढरे बूट अशा वेशात निघालो की गडग्याआडून विचारणा होते, "सक्काळी सक्काळी कुठं चाललाव?"

"कुठं नाही, असंच."

'असंच' हे उत्तर गावात ग्राह्य नाही. एक तर घरात भांडण झालं असणार किंवा पोट बिघडलं असणार. त्यामुळे जाणारा प्रत्येक मोटरसायकलवाला थांबतो आणि आपुलकीनं म्हणतो, "बसा, सोडतो." कुठं, ते त्यालाही माहीत नसतं आणि मलाही. एकदा तर एका पोरानं मला आग्रहानं बसवून दापोलीच्या एसटी स्टँडवर नेऊन सोडलं. तिथून गावी परत यायला गाडी दुपारी होती.

पुढे वाडीनंच यावर तोडगा काढला. माणूस रोज चालतोच आहे तर रिकाम्या हातानं का? पहिल्यांदा एका वहिनींनी दळणाचा डबा दिला. मग कुणाचं रेशन आलं, कुणाचा मोबाइल दुरुस्तीला, कुणाची बँकेतली पासबुकं. संध्याकाळी हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव लागतो, तिकडे जाणार असलो तर वाट्यांची यादी आधीच तयार असते. आता मला कुणी कुठं चाललाव विचारत नाही. कुठं जायचंय ते मला सांगितलं जातं. डॉक्टर म्हणतात, साखर छान आटोक्यात आहे.

शास्त्रानं उतारवयात वानप्रस्थ सांगितला. माणसानं वनात जावं, इथपर्यंत ठीक. पण वनानं उलटभेट म्हणून घरी यावं, हे कुठल्या स्मृतीत आहे? थंडी पडली, सड्यावरचं खायचं कमी झालं, की वानरं वाडीत उतरतात. त्यांचं आमच्यासारखं नसतं, त्यांना वेळेचं भान असतं. पावट्याला शेंग धरली की त्याच सकाळी टोळी हजर. शहाळी पितात, पपई चाखून टाकून देतात आणि जाताना एका कौलावरून दुसऱ्या कौलावर उड्या मारत जातात. बासेल मिशननं 1865 साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला तेव्हा पाऊस, वारा, ऊन यांचा विचार केला असेल. वानराच्या तिसऱ्या उडीचा केलेला दिसत नाही. आमच्या भागातली बरीच कौलं 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानं एका दुपारीत उडवली. तेव्हा ज्यांनी पत्रे घातले त्यांच्या घरावर वानरं आता नुसता आवाज करतात. आमच्याकडे कौलं आहेत, त्यामुळे आवाज संपल्यावर काम सुरू होतं. वयाच्या या टप्प्यावर शिडीवर चढू नये असं मुलगा फोनवरून बजावतो. आबा खालून शिडी धरतात, म्हणजे एकूण सुरक्षेची जबाबदारी ऐंशी वर्षांवर असते.

कोकणातल्या प्रत्येक वाडीला दोन सरकारं असतात, एक ग्रामस्थ मंडळ आणि एक मुंबई मंडळ. मुंबई मंडळ वर्गणी देतं आणि सल्ला देतं. ग्रामस्थ मंडळ वर्गणी घेतं आणि सल्ला विसरतं. या घटनेवर कोकणचा कारभार कित्येक पिढ्या सुरळीत चाललाय. गिरण्या होत्या तेव्हा मुंबई मंडळाची बैठक लालबाग-परळच्या खोलीत व्हायची. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यानंतर अनेकांना गावाकडची वाट धरावी लागली आणि जे मुंबईत टिकले ते पांगत पांगत दिवा, विरार, नालासोपारा, आमच्यासारखे देवनारला गेले. मंडळ मात्र टिकलं.

निवृत्त माणूस या दोन सरकारांच्या मधल्या पट्ट्यात सापडतो. मुंबई मंडळ म्हणतं, तुम्ही आता गावचे. ग्रामस्थ मंडळ म्हणतं, तुम्ही तर मुंबैकर. यावर एकमत होणार नाही, असं मला वाटत होतं, पण झालं. दोन्हीकडची वर्गणी मी द्यावी, असं ठरलं. वर 'भाऊंना इंग्रजी येतं आणि वेळ आहे' एवढ्या दोन मुद्द्यांवर मंडळाची हिशेबाची वही माझ्याकडे आली. ती वही आधीच्या खजिनदारांनी इतक्या तत्परतेनं दिली की तेव्हाच मला संशय यायला हवा होता, असं ही म्हणते.

थंडी हा वाडीच्या खर्चाचा हंगाम. आधी वार्षिक सत्यनारायणाची महापूजा, मग नमनाच्या तालमी, मग क्रिकेटचे सामने. भात कापलेल्या मळ्यात खेळपट्टी काढतात, मांडव घालतात, मुंबईहून रात्रीच्या गाडीनं पोरं येतात आणि सकाळी आठला लाऊडस्पीकर सुरू होतो. बक्षीस समारंभाला प्रमुख पाहुणा लागतो. ज्याच्या हस्ते चषक दिला जातो आणि ज्याच्या खिशातून तो आलेला असतो, त्याला प्रमुख पाहुणा म्हणतात. सध्या हा मान वाडीतल्या निवृत्तांकडे फिरत असतो. पुढे फाल्गुनात शिमगा आहेच. तेव्हा पालखी घरोघर येते, सगळी मुंबई गावात असते आणि हिशेबाची वही उघडायला कुणाला सवड नसते. एवढाच माझा विसावा.

आणि मग आंबा. देवनारला थंडी ही स्वेटरची बाब होती, इथं ती मालमत्तेची आहे. रात्री गारठा पडला, जमिनीतली ओल आटली की हापूसची वाढ थांबते आणि कलमांना मोहोर फुटतो. थंडी आलीच नाही तर मोहोर नाही. थंडी फार लांबली तर झाडाला पुन्हा मोहोर येतो आणि आधी धरलेली बारीक फळं गळून पडतात. थोडक्यात, थंडीनं जावयासारखं वागावं: बोलावल्यावर यावं, मानपान घ्यावा आणि मुक्काम वाढवू नये. एका डिसेंबरात आभाळ भरून आलं, मंद वारा सुटला आणि मी खळ्यात उभा राहून म्हणालो, "वा! काय सुरेख हवा पडलीय!" गडग्यापलीकडे चार माणसं होती, ती एकदम गप्प झाली. मळभ आलं की मोहोरावर तुडतुडे पडतात, भुरी धरते आणि फवारणीचा खर्च वाढतो. तेव्हापासून मी हवेविषयी मत देण्याआधी आबांच्या तोंडाकडे बघतो.

कृषी विद्यापीठानं मोहोर संरक्षणाचं वेळापत्रक करून दिलंय. कुठली फवारणी कधी, किती दिवसांनी दुसरी, कुठलं औषध किती पाण्यात, सगळं त्यात आहे. पहिली फवारणी तर मोहोर दिसायच्या आधीच, पालवीवर. ऑफिसात इतका स्पष्ट कागद माझ्या टेबलावर कधी आला नव्हता. तो मी लॅमिनेट करून पडवीत लावलाय. तिकडे देवनारच्या इमारतीतल्या ज्या शेजाऱ्यांनी मला लिफ्टमध्ये कधी ओळख दिली नाही, त्यांचे जानेवारीपासून फोन येऊ लागतात. तब्येत विचारतात, वहिनींची चौकशी करतात, गावची हवा किती छान म्हणतात आणि शेवटी सहज सांगावं तसं सांगतात, "दोन पेट्या आमच्या नावानं ठेवा हं." त्या वेळी झाडावर जे असतं ते वाटाण्याएवढंही नसतं.

या सगळ्या धामधुमीत नोव्हेंबर येतो आणि सरकारला प्रश्न पडतो की हा माणूस जिवंत आहे का? पेन्शनरानं दरवर्षी या महिन्यात हयातीचा दाखला द्यायचा असतो. केंद्राच्या पेन्शनरांत ऐंशी ओलांडलेल्यांना तो ऑक्टोबरपासूनच देता येतो. म्हातारपणी घाई करावी, हे सरकारला पटलेलं दिसतं. पूर्वी त्यासाठी बँकेत जाऊन साहेबासमोर उभं राहावं लागे आणि त्या रांगेत उभं राहून जो परत येई त्याच्या हयातीबद्दल कुणाला शंका उरत नसे. 10 नोव्हेंबर 2014 पासून 'जीवन प्रमाण' नावानं हे काम अंगठ्यावर होऊ लागलं.

आमच्याकडे यंत्र घेऊन एक तरुण आला. मी पडवीत बसून अंगठा टेकवला. यंत्रानं तो ओळखला नाही. दुसरा टेकवला, तोही नाही. चोपणं, कोयता आणि गडग्याचे जांभे दगड यांनी मिळून सरकारदरबारी नोंदलेल्या रेषा झिजवून टाकल्या होत्या. हिनं मदत म्हणून तोंडी साक्ष दिली, "जिवंत आहेत हो. जेवायला वेळेवर असतात." पण तिची साक्ष नोंदवायला त्यात जागा नव्हती.

तरुण म्हणाला, "काका, काळजी नको. आता चेहऱ्यावरून पण होतं. फक्त मोबाइलकडे बघा आणि डोळ्यांची उघडझाप करा." ही सोय 2021 पासून झालीय. पापणी लवली की माणूस जिवंत. मी खुर्चीत ताठ बसलो, कानटोपी काढली, मोबाइलकडे पाहिलं आणि डोळे मिटून उघडले. दाखला झाला. पुढच्या नोव्हेंबरापर्यंत मी अधिकृतपणे हयात.

आबा गडग्याला टेकून हे सगळं पाहत होते. तरुण निघून गेल्यावर ते म्हणाले, "डोळं मिचकावलंत म्हून पैसं देतात?"

"तसंच म्हणा."

आबांनी मान डोलावली. सरकारचा कारभार त्यांना एकदम समजला होता. मग कोयता कमरेला अडकवत त्यांनी उद्याचं सांगितलं: सड्यावर पातेरा गोळा करायचा आहे, उजाडायच्या आत निघायचं, दोरी आणि पाण्याची बाटली माझी. "आणि भाऊ," जाता जाता ते म्हणाले, "थितं निस्तं डोळं मिचकावून चालायचं नाय."